रांगडेपणाचा अर्थ : अमेरिकेतील ‘ओल्ड टाइम’ बँजो व तंतुवाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष सादरीकरणाची चिकित्सा

बीजशब्द : ओल्ड टाइम संगीत, बँजो, फिडल, तंतुवाद्यवृंद, प्रत्यक्ष सादरीकरण, सहभाग, ध्वनिमुद्रण, वंशभेद.

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘बँजो’ हा शब्द उच्चारताच गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील बँजो पार्टी डोळ्यांसमोर उभी राहते. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच वादकांच्या जगण्यावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. परंतु मिरवणुकीतील हे वाद्य वस्तुतः बुलबुलतरंगाचे विद्युत रूप होय. बुलबुलतरंगाचे मूळ जपानमधील नागोया शहरी १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या कळांच्या वाद्यात सापडते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला बँजो याहून वेगळा आहे. गोल कड्यावर ताणलेले कातडे, लांब दांडी, पाच तारा आणि त्यांपैकी एक तार इतरांपेक्षा आखूड, असे त्याचे स्वरूप असते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तो अमेरिका खंडात घडवला आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ व पठारी भागांत फिडलच्या जोडीने तो खेड्यापाड्यांतील नाचाचा आधार बनला. फिडल, बँजो आणि नंतर त्यांना येऊन मिळालेली गिटार यांच्या वृंदातून जे संगीत आकाराला आले, त्यास ‘ओल्ड टाइम’ संगीत असे म्हणतात.

हे संगीत प्रथमच ऐकणाऱ्या श्रोत्याची प्रतिक्रिया बहुधा दोहोंपैकी एक असते. फिडलचा घासून निघणारा स्वर, बँजोचा नखांचा खडखडाट, एकच धून दहा-पंधरा वेळा जशीच्या तशी वाजवणे आणि अनघड आवाजातील गायन ऐकून एक श्रोता म्हणतो की हे वादन कच्चे आहे. दुसरा श्रोता याच गुणांवर लुब्ध होऊन म्हणतो की हे वादन कच्चे आहे म्हणूनच ते खरे आहे. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही मतांचा पाया मात्र एकच आहे. दोन्ही मते या संगीताला संस्कारहीन मानतात. एक त्याबद्दल नाक मुरडते, दुसरे त्याचे कौतुक करते. हा पायाच तपासून पाहणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. ज्याला रांगडेपणा म्हटले जाते तो शिस्तीचा अभाव आहे, की वेगळ्या प्रकारच्या शिस्तीचा परिणाम आहे? आणि ‘रांगडे’ हे विशेषण या संगीताला कोणी, कोणत्या हेतूने चिकटवले? प्रत्यक्ष सादरीकरणाच्या संदर्भात या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

१. दोन वाद्यांचा मेळ

बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आढळतात. सेनेगाल-गांबिया प्रदेशातील जोला समाजाचे अकोंटिंग हे वाद्य या संदर्भात विशेष लक्षणीय ठरते. कातडे ताणलेला भोपळा, अंगठ्याने छेडली जाणारी आखूड तार आणि नखाने खालच्या दिशेने केलेला आघात ही तिन्ही वैशिष्ट्ये त्यात एकत्र आढळतात. कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या अशा वाद्यांचे वर्णन व चित्र हान्स स्लोन यांनी १७०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जमैकाविषयक प्रवासग्रंथात मिळते. थॉमस जेफरसन यांनीही अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियाविषयक ग्रंथात हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणल्याची नोंद केली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या इतिहासाला एक विपरीत वळण लागले. व्हर्जिनियातील जोएल स्वीनीसारख्या गोऱ्या वादकांनी बँजो रंगमंचावर नेला. १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स’ या चमूने तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करणारा पूर्ण वेळाचा खेळ सादर केला. ज्यांचे वाद्य होते त्यांची विटंबना करत ते वाद्य लोकप्रिय झाले, ही बाब बँजोच्या कोणत्याही समीक्षेला टाळता येणारी नाही. दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंडमधील स्थलांतरितांनी फिडल आणि तिच्या नाचाच्या धुना आणल्या होत्या. आणि मळेवाल्यांच्या घरच्या नाचांत फिडल वाजवण्याचे काम अनेकदा गुलामांकडेच असे. म्हणजेच युरोपीय धून आणि आफ्रिकी लय यांचा मेळ पुस्तकी चर्चेतून घडला नाही. तो सक्तीच्या सहवासातून घडला. टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वस्त गिटारी खेडोपाडी पोहोचल्या आणि या जोडीचा तंतुवाद्यवृंद झाला.

२. रांगडेपणाची तांत्रिक घडण

ओल्ड टाइम बँजो वाजवण्याच्या प्रमुख पद्धतीस ‘क्लॉहॅमर’ म्हणतात. हाताची बोटे किंचित वाकवून तर्जनीच्या वा मधल्या बोटाच्या नखाने तार खालच्या दिशेने मारली जाते आणि हात वर उचलताना अंगठा आखूड पाचव्या तारेवरून सुटतो. हाताच्या एकाच हालचालीतून धून, ताल आणि एक अखंड घुमणारा उंच स्वर अशी तिहेरी निर्मिती होते. ही पाचवी तार प्रचलित मिळवणीत बहुधा तार षड्जाचे काम करते. धून कोठेही गेली तरी हा स्वर तिला सोडत नाही. नखाचा तारेवरील आघात आणि कातड्याचा ठक् असा आवाज या पद्धतीत काढून टाकता येत नाहीत, कारण त्यांच्यावरच नाचणाऱ्यांची पावले पडत असतात. श्रोत्याला खडखडाट वाटणारा हा ध्वनी नर्तकाच्या दृष्टीने वादनाचा गाभा असतो.

फिडलच्या बाबतीतही हेच दिसते. अनेक धुनांसाठी वादक तिच्या खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून चारही तारा सा-प-सा-प अशा मिळवतात. मग गज एका तारेवर धून वाजवताना शेजारच्या मोकळ्या तारेला घासून जातो आणि स्वरांचा दाट थर निर्माण होतो. एकेक स्वर स्वच्छ व सुटा ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हा थर अस्वच्छ वाटतो. बँजोच्या एका प्रसिद्ध मिळवणीत मोकळ्या तारांवर केवळ षड्ज, मध्यम आणि पंचम असतात, गंधार नसतोच. त्यामुळे धुनेतील गंधार शुद्ध की कोमल हे तारांनी आधी ठरवलेले नसते आणि जुने फिडलवादक या दोहोंच्या मधला गंधारही सहज लावतात. पियानोच्या पट्टीवर मोजले तर हा स्वर चुकलेला ठरेल. परंतु तोच वादक तोच स्वर त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा अचूक लावतो, तेव्हा त्यास बेसूर म्हणण्याऐवजी मोजपट्टी बदलणे हे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. पडद्याविना दांडी असलेल्या बँजोवर अशा स्वरांना आणि घसिटीला अधिकच वाव मिळतो.

लयीतही असेच एक वैशिष्ट्य आहे. या धुना सामान्यतः दोन भागांच्या असतात व प्रत्येक भाग दोनदा वाजवला जातो. तरीही काही धुनांत एखादी मात्रा अधिक किंवा कमी असते. वादक त्यांना ‘वाकड्या’ धुना म्हणतात. नवख्या गिटारवादकाची त्यात हमखास फसगत होते. ज्याला बाहेरून ढिलाई समजले जाते ती आतल्या वादकांना पाठ असलेली, नेमकी मोजलेली रचना असते. सारांश, दाटपणा, मधले स्वर, आघाताचा आवाज आणि वाकडी चाल ही चारही ‘रांगडी’ लक्षणे शिकावी लागतात. ती अज्ञानातून आपोआप उत्पन्न होत नाहीत.

३. वर्तुळ, नाच आणि तबकडी

संगीतमानववंशशास्त्रज्ञ थॉमस ट्युरिनो यांनी ‘म्युझिक ॲज सोशल लाइफ’ (२००८) या ग्रंथात सहभागप्रधान आणि प्रस्तुतीप्रधान असे सादरीकरणाचे दोन प्रकार कल्पिले आहेत. पहिल्या प्रकारात कलावंत आणि श्रोता असा भेद नसतो. जे उपस्थित आहेत ते वाजवतात, गातात वा नाचतात. दुसऱ्या प्रकारात एक गट सादर करतो आणि दुसरा ऐकतो. पुनरावृत्ती, ध्वनीचा दाट पोत आणि स्वरांची थोडी रुंद मांडणी ही सहभागप्रधान संगीताची लक्षणे असल्याचे ते दाखवतात. कारण अशा पोतात नवखा वादक आपला अर्धवट स्वर लपवून सामील होऊ शकतो. ट्युरिनो यांनी ओल्ड टाइम संगीताचाही याच ग्रंथात स्वतंत्र विचार केला आहे. त्यांच्या मांडणीच्या उजेडात पाहिले असता वर नोंदवलेल्या तांत्रिक गुणांचे प्रयोजन स्पष्ट होते. धून पंधरा वेळा वाजते, कारण चौकोनी नाचातील प्रत्येक जोडीची फेरी पूर्ण व्हायची असते. आणि ज्याला ती येत नाही त्याला तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात ती उमगून दहाव्या आवर्तनात वाजवता यावी, एवढा अवधी तीत असतो.

प्रत्यक्ष बैठकीत वादक एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसतात. फिडलवादक धून सुरू करतो; बाकीचे त्याच्या गजाच्या हालचालीकडे पाहत तिला येऊन मिळतात. धून संपवायची असेल तेव्हा तो एक पाय उचलून खूण करतो आणि त्या आवर्तनाच्या अखेरीस सर्व वाद्ये एकदम थांबतात. एकेकाने पुढे येऊन आपले कौशल्य दाखवण्याची पद्धत येथे नाही; सर्व जण धून एकत्र वाजवतात. वाद्ये पुन्हा मिळवण्यास वेळ लागत असल्याने वर्तुळ तासन्‌तास एकाच सुरात राहते. वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वादकांच्या पाठीच दिसतात. हे संगीत कोणासाठी वाजवले जात आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या बसण्याच्या रीतीतच मिळते.

तबकडीने ही रीत बदलली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. नाचाची दहा-पंधरा मिनिटांची धून तीन मिनिटांत कोंबताना पुनरावृत्ती कापली गेली, मध्येच गाण्याची कडवी आली आणि नर्तकांची पावले अदृश्य झाली. जे उरले ते धुनेचे केवळ पृष्ठ होते. पुनरावृत्तीचे प्रयोजनच नाहीसे झाल्यावर उरलेला खरखरीत पोत श्रोत्याला निव्वळ ओबडधोबड वाटला, यात नवल नाही. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या वृंदात आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वेगवान बँजोने ब्लूग्रास शैलीला आकार दिला. ध्वनिक्षेपकासमोर एकेकाने पुढे येऊन वाजवणे ही त्या शैलीची रीत होय. ब्लूग्रासच्या झगझगीत सफाईशी तुलना होऊ लागल्यावर ओल्ड टाइम संगीत अधिकच मागासलेले भासू लागले. वस्तुतः दोहोंची प्रयोजने भिन्न होती.

४. बाजारपेठेने घडवलेली प्रतिमा

जून १९२३ मध्ये अटलांटा येथे ओके कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी फिडलवादक जॉन कार्सन यांचे ध्वनिमुद्रण केले. कार्सन यांचे गाणे पीअर यांना मुळीच पसंत पडले नव्हते. स्थानिक व्यापारी पोल्क ब्रॉकमन यांच्या आग्रहाखातर काढलेल्या पाचशे प्रती मात्र पाहता पाहता संपल्या आणि ग्रामीण गोऱ्या संगीताला बाजार आहे हे कंपन्यांच्या लक्षात आले. १९२५ मध्ये चार्ली पूल आणि त्यांच्या नॉर्थ कॅरोलायना रॅम्बलर्स या बँजो-फिडल-गिटार त्रयीची पहिलीच तबकडी लाखाहून अधिक खपली.

या बाजाराने दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे गावंढळपणाचे सोंग. जॉर्जियातील गिड टॅनर आणि त्यांचे स्किलेट लिकर्स हे अत्यंत तयारीचे वादक होते. क्लेटन मॅकमिचेन यांचे फिडल आणि रायली पकेट यांची गिटार आजही अभ्यासाचा विषय आहे. तथापि कोलंबिया कंपनीने १९२७ पासून त्यांच्याकडून चोरटी दारू गाळणाऱ्या खेडुतांच्या विनोदी संवादांची एक मालिका मुद्रित करून घेतली आणि तिचा खप चांगला झाला. अडाणीपणाचा हा अभिनय कसबी कलावंतांनी पैसे घेऊन केलेला होता. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्या अभिनयालाच वस्तुस्थिती मानले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कंपन्यांनी तबकड्यांच्या याद्या वर्णानुसार विभागल्या. कोलंबियाची १४००० क्रमांकाची मालिका काळ्या ग्राहकांसाठी, तर १५००० क्रमांकाची मालिका गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी होती. काळ्या गायकांनी ब्लूज गावे आणि गोऱ्यांनी फिडल वाजवावी, अशी अपेक्षा या विभागणीत गृहीत होती. काळे फिडलवादक व बँजोवादक गावोगाव असूनही त्यांना क्वचितच ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. ‘ओल्ड टाइम फिडलवादक संमेलन’ म्हणून १९१३ पासून अटलांटामध्ये भरणाऱ्या स्पर्धांत त्यांना प्रवेश नव्हता. या भिंतीला पडलेली एक फट मात्र बोलकी आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये शार्लट येथे जॉर्जिया यलो हॅमर्स या गोऱ्या वृंदाच्या एका धुनेत ॲन्ड्रू बॅक्स्टर या काळ्या वादकाने फिडल वाजवली. ती तबकडी डोळे मिटून ऐकणाऱ्याला वादकाचा वर्ण सांगता येत नाही. विभागणी नादात नव्हती, ती यादीत होती.

याच दशकात हेन्री फोर्ड यांनी जुन्या फिडलवादनाला आश्रय दिला. जॅझविषयीच्या त्यांच्या वंशद्वेषी तिटकाऱ्याची त्याला पार्श्वभूमी होती. अशा प्रकारे ‘जुने, साधे, डोंगरी, निर्मळ’ या विशेषणांच्या आड ‘गोरे’ हे न उच्चारलेले विशेषण दडून राहिले. रांगडेपणाचे कौतुक निरुपद्रवी नसते, ते यामुळेच. ज्यांनी बँजो घडवला त्यांना बँजोच्या कथेतून बाहेर काढण्याचे काम या कौतुकाने केले.

५. पुनरुज्जीवन आणि त्याची मर्यादा

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी फोकवेज कंपनीसाठी १९२७ ते १९३२ या काळातील ८४ व्यावसायिक मुद्रणांचा संग्रह संपादित केला. त्यात कलावंतांचा वर्ण कोठेही सांगितलेला नव्हता. याद्यांनी उभारलेली भिंत संपादकाने केवळ मौनाने ओलांडली. १९५८ मध्ये माइक सीगर, जॉन कोहेन व टॉम पेली यांनी ‘न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स’ हा वृंद स्थापन करून जुन्या तबकड्यांतील शैली महानगरी रंगमंचावर आणल्या. त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु त्यांचा मुख्य गुरू तबकडी होती, आणि तीन मिनिटांच्या मुद्रणातून वर्तुळ शिकता येत नाही.

ती उणीव टॉमी जॅरेल (१९०१-१९८५) यांच्यासारख्या वादकांच्या घरांनी भरून काढली. नॉर्थ कॅरोलायनातील माउंट एअरीजवळच्या राउंड पीक भागातील ही परंपरा होय. त्यांचे वडील बेन जॅरेल यांनी १९२७ मध्ये ध्वनिमुद्रण केले होते. टॉमी मात्र राज्याच्या महामार्ग खात्यात रस्ते सपाट करणारे यंत्र चालवत राहिले व १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर दूरदूरच्या शहरांतून तरुण वादक त्यांच्या घरी येऊन राहू लागले. १९८२ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला आणि १९८३ मध्ये लेस ब्लँक यांचा त्यांच्यावरील माहितीपट प्रदर्शित झाला. जॅरेल यांच्या घरी आलेल्या तरुणांना एक गोष्ट लवकरच कळून चुकली. दुरून आडदांड वाटणाऱ्या त्यांच्या गजाच्या फटकाऱ्यांत काटेकोर व्यवस्था होती आणि ती आत्मसात करण्यास वर्षे लागत होती. स्वयंपाकघरात, गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर जे दिसले ते तबकडीवर ऐकू आले नव्हते.

येथे एक आक्षेपही नोंदवणे आवश्यक आहे. जॅरेल आणि पडद्याविना बँजो वाजवणारे फ्रेड कॉकरहॅम यांची शैली एवढी अनुकरणीय ठरली की अनेक मेळाव्यांत एका तालुक्याएवढ्या प्रदेशाचा नाद हाच साऱ्या ओल्ड टाइम संगीताचा नाद मानला जाऊ लागला. स्थानिक भेद हेच ज्या परंपरेचे वैभव होते, तिचे पुनरुज्जीवन होताना ते भेद पुसट व्हावेत, ही विसंगती होय. शिवाय व्हर्जिनियातील गॅलॅक्स येथे १९३५ पासून भरणारे संमेलन असो वा वेस्ट व्हर्जिनियातील क्लिफटॉप येथे १९९० मध्ये सुरू झालेला महोत्सव असो, तेथील जाणकार सांगतात की रंगमंचावरील स्पर्धेपेक्षा तंबूंमधील रात्रभराच्या बैठकाच खऱ्या. ते खरे असले तरी ही वर्तुळे सर्वांना सारखी खुली नसतात. कोणत्या वर्तुळात केव्हा बसावे, चौथा बँजो केव्हा नकोसा होतो, याचे अलिखित नियम असतात. सहभागाचे तत्त्व सांगणाऱ्या संगीतातही दाराशी कोणीतरी उभे राहते, हे विसरून त्याचे आदर्शीकरण करणे योग्य नाही.

६. जो थॉम्प्सन यांचे अंगण

या दाराचा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो जो थॉम्प्सन (१९१८-२०१२) यांच्या निमित्ताने. नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन गावाजवळच्या या काळ्या कुटुंबात फिडल व बँजो वडिलोपार्जित होते. गोऱ्यांच्या तसेच काळ्यांच्या नाचांत हे कुटुंब वाजवत असे. थॉम्प्सन यांनी उपजीविका फर्निचरच्या कारखान्यात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर नाचच थांबले, तेव्हा वाद्येही बाजूला पडली. १९७० च्या दशकात लोकविद्येच्या अभ्यासकांनी त्यांना व बँजो वाजवणारे त्यांचे चुलतभाऊ ओडेल (१९११-१९९४) यांना गाठले, तेव्हा वादन पुन्हा सुरू झाले. त्यांची फिडल ऐकताना गज आखूड व ठाम आघात करतो आणि स्वर जणू गायकाच्या घशातून आल्यासारखा फुटतो. ओडेल यांचा बँजो तिच्या मागे धावत नाही, तो तिच्या पायाखालची जमीन होतो. दोन माणसांनी आयुष्यभर एकमेकांचे ऐकलेले आहे, हे त्या नादातून कळते.

एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तेथे परस्परांच्या ओळखी झालेले रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तरुण दर आठवड्याला थॉम्प्सन यांच्या घरी जाऊन वाजवू लागले आणि त्यातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वृंद जन्मला. थॉम्प्सन यांना २००७ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला; या शिष्यांच्या २०१० च्या संग्रहाला पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या वृंदाने मोठ्या सभागृहांत वादन केले. तेथे वर्तुळ मोडून अर्धवर्तुळ झाले, प्रेक्षक खुर्च्यांत बसले आणि धुनांचा कालावधी घटला. हा तोटा खरा होता. त्याच्या बदल्यात त्यांनी दोन धुनांच्या मध्ये बँजोचा इतिहास सांगितला आणि जुन्या धुनांशेजारी २००१ मधील एक लोकप्रिय आरअँडबी गीतही फिडल-बँजोवर वाजवले. हे निवेदन वादनाला लावलेले ठिगळ नव्हते. ज्या संगीताच्या मालकीविषयी शंभर वर्षे खोटी कथा सांगितली गेली, त्याच्या सादरीकरणात खरी कथा सांगणे हाही वादनाचाच भाग ठरतो.

२०२५ मध्ये गिडन्स व रॉबिन्सन यांनी केवळ बँजो व फिडल यांवर आधारलेला ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टु द क्रो’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे मुद्रण थॉम्प्सन यांचे घर, गिटारवादक एटा बेकर यांचे घर आणि गुलामगिरीच्या काळातील एका मळ्याचे घर येथे, उघड्यावर झाले. त्यात पक्ष्यांचे आणि सिकाडा कीटकांचे आवाज वाद्यांसोबत ऐकू येतात. या प्रयोगाविषयी मत देताना सावधगिरी हवी. कीटकांचा आवाज हा रांगडेपणाचा अलंकार म्हणून वापरला जाण्याचा धोका येथे होताच. परंतु हा संग्रह त्यापासून बहुतांशी वाचतो. अंगणात बसलेल्या वादकाला खोलीची घुमारी मिळत नाही. त्याला आपला आघात अधिक नेमका करावा लागतो आणि सोबत्याचे अधिक लक्षपूर्वक ऐकावे लागते. ते ऐकणे येथे स्पष्टपणे जाणवते. कमतरता आहे ती नर्तकांची. थॉम्प्सन यांच्या अंगणात पावलांचा आवाज नाही आणि धुना मुद्रणाच्या मापात बसवलेल्या आहेत. जे गाव नाचत होते ते आता ऐकते आहे, हे वास्तव हा संग्रह लपवत नाही. मात्र ते भरूनही काढू शकत नाही.

निष्कर्ष

१. ओल्ड टाइम संगीतातील दाट पोत, मधले स्वर, आघाताचा आवाज, वाकडी लय आणि दीर्घ पुनरावृत्ती ही वैशिष्ट्ये नाच व सामूहिक वादन यांच्या गरजेतून घडलेली असून ती परिश्रमपूर्वक शिकावी लागतात. त्यांना कच्चेपणा म्हणणे चुकीचे आहे. त्या कच्चेपणाची स्तुती करणेही तितकेच चुकीचे आहे.

२. ‘रांगडे व निर्मळ डोंगरी संगीत’ ही प्रतिमा मुख्यतः १९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या विक्रीतून व वर्णनिहाय याद्यांतून निर्माण झाली. तिने वादकांचे कौशल्य आणि काळ्या वादकांचे अस्तित्व या दोहोंवर पडदा टाकला.

३. प्रत्यक्ष सादरीकरण हा या संगीताचा खरा निकष असला, तरी केवळ रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवल्याने तो पूर्ण होत नाही. वादक एकमेकांचे ऐकतात का, आणि आणखी एखाद्याला सामील होण्याइतकी जागा त्या नादात उरते का, हे पाहिले पाहिजे.

४. वर्तुळाच्या खुलेपणाविषयी बोलताना ते कोणासाठी बंद होते, हा प्रश्न समीक्षेने सातत्याने विचारला पाहिजे.

समारोप

जो थॉम्प्सन यांनी फिडल बाजूला ठेवली तेव्हा त्यांची बोटे थकली नव्हती. ज्यांच्यासाठी वाजवायचे ते नाच गावातून गेले होते. त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि वयाच्या उत्तरार्धात दर आठवड्याला दारात येणाऱ्या तीन तरुणांसमवेत ते वाजवत राहिले. या संगीताचे आयुष्य वाद्यांच्या वयावर वा तबकड्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. समोर बसून सोबत वाजवणारा कोणी आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. तो सोबती मिळाला की धून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ज्याला तिचा खरखरीतपणा अडवत होता त्यालाही, ऐकण्याचा धीर असेल तर, दहाव्या आवर्तनापर्यंत तिची घडण उमगू लागते.